कंपायलरने गाळलेली ओळ

९ फेब्रुवारी

शंकाबाई, उंचावरून आशीर्वाद.

फोनवर तू "बरं आहे" आणि "बघू" यापलीकडे बोलत नाहीस. त्यातून इथे पुलाच्या कामावर सिग्नल मिळतो तो फक्त माझ्या क्रेनच्या केबिनमध्ये, आणि केबिनमध्ये फोन न्यायला बंदी. म्हणून हे पत्र. सामान घेऊन येणारा ट्रक परत जाताना टपाल नेतो.

तुझ्या कंपनीचा डबा आमच्या क्रेनवर बसवून आता बरेच दिवस झाले. हुकाला किती वजन लागलंय, क्रेनचा हात किती लांब गेलाय, हे बघून वजन जास्त झालं तर लाल दिवा लावायचा आणि भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. पण काय सांगू! मी सळ्यांचा गठ्ठा उचलतो, फिरवतो, खाली ठेवतो, खालचा इशारेवाला साखळी सोडवून शिट्टी मारतो, आणि मग तुमच्या डब्याला आठवतं की अरे, मघाशी वजन जास्त होतं. वरातीमागून घोडं! वाऱ्याने गठ्ठा हलला तर तो आधीच्याच हेलकाव्याचा हिशोब करत बसलेला असतो. कधी उगाच किंचाळतो, कधी किंचाळायचं तेव्हा गप्प.

इथल्या ड्रायव्हरांनी त्यावर औषध शोधलंय. डब्यामागच्या दोन तारांना चिमटा लावला की भोंगा बंद. मी कुणाचं नाव सांगणार नाही. पण तुमच्या त्या बाईंना सांग, एकतर डब्याला पाय द्या, नाहीतर आम्ही त्याची जीभ कापतो. मला कुणाची भीती नाही. मी जमिनीवर असतोच कुठे?

ताईला चिमट्याबद्दल बोलू नकोस. ती जेवणार नाही.

मामा

---

१८ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

आधी चिमटा काढ. "इथले ड्रायव्हर" म्हणजे कोण ते मला कळतं. तुझ्या क्रेनवर तुझ्याशिवाय दुसरं कोण चढतं?

तुझं नाव न घेता मी बाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. मला नोकरीवर घेताना बाकीचे म्हणत होते की मुलगी बोलत नाही, घाबरते. बाई म्हणाल्या होत्या, "घाबरते म्हणूनच हवी. न घाबरणारे माझ्याकडे भरपूर आहेत." तर त्या ऐकून म्हणाल्या, "नवी चिप मिळणार नाही, त्याला वरून परवानगी नाही. आहे त्याच चिपवर डबा पळवून दाखव. कंपायलरच्या पर्यायांना आजवर कुणी हात लावलेला नाही, तू लाव."

आता तू म्हणशील कंपायलर म्हणजे कोण. मी जे लिहिते ते चिपला कळत नाही. मधे कंपायलर नावाचा एक प्रोग्राम असतो. तो माझं लिखाण वाचून चिपला कळतील अशा बारीक आज्ञांत उतरवतो. कसं उतरवायचं ते त्याला आधी सांगता येतं. पातळी शून्य सांगितली तर तो अगदी शब्दाला धरून चालतो. मीठ आण म्हटलं की दुकानात जाऊन मीठ आणतो, मग तेल आण म्हटलं की पुन्हा चप्पल घालतो. पातळी दोन सांगितली तर तो सगळं आधी वाचून घेतो, मीठ-तेल एकाच खेपेत आणतो, आणि साखर घरात आहे हे दिसल्यावर ती आणतच नाही. घरात शेवटी येतं तेच, फक्त पायपीट कमी.

आणि मामा, तुझा डबा इतके दिवस पातळी शून्यावर धावत होता! चाचणी करताना प्रोग्राम ओळीओळीला थांबवून बघावा लागतो, त्याला शून्य सोयीची पडते. म्हणून कुणीतरी ती ठेवली, आणि डबे बाहेर पाठवतानाही तशीच राहिली. मी दोन लावली. वेग दुपटीहून जास्त वाढला. मी तीन वेळा मोजला, कारण मला वाटलं घड्याळच बिघडलं.

मग हाव सुटली आणि तीन लावली. पातळी तीनला घाई फार. एकच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर ती ते पुन्हा पुन्हा लिहूनच टाकते, म्हणजे मागे वळून यायला नको. त्याने आज्ञांचा एवढा पसारा झाला की आमच्या चिपच्या इवल्याशा जागेत तो मावेना. वेग उलट घटला. नाकापेक्षा मोती जड. मी दोनवर परत आले.

अजून थोडं कमी पडतंय. तुमच्या पुलाच्या कंपनीने जेवढा वेग मागितलाय तेवढा झालेला नाही. पण होईल. नाही झाला तर नाही झाला असं मी सांगेन.

चिमट्याचं विसरू नकोस.

भाची

---

२ मार्च

शंकाबाई,

चिमटा काढला. माझ्या क्रेनवरचा काढला, असं लिहितो, कारण तू वकिलासारखी वाचतेस.

"नाही झाला तर नाही झाला असं सांगेन" म्हणे! हे कुठलं शिक्षण? आपल्या घरात तू पहिली कॉलेजात गेलीस. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की सरकारी कागद, सगळं तुझ्यापुढे येतं, आणि तू दहावीत असल्यापासून ते वाचून दाखवत आलीस. तेव्हा कधी "नाही कळलं तर नाही कळलं" म्हणाली होतीस का? दिवा घेऊन बसायचीस, पण सोडायची नाहीस.

मी इथल्या साहेबांना सांगून बसलोय की नवा डबा माझी भाची करतेय. ते म्हणाले, "ती किती वर्षांची?" मी म्हटलं, "तुमच्या कामाला लागलेल्या उशिरापेक्षा थोडी मोठी." हसले नाहीत. शिट्टी मात्र खूप हसला. शिट्टी म्हणजे माझा इशारेवाला, मी वर आणि तो खाली असे आम्ही आता तीन पुलांवर आहोत. गठ्ठ्याखाली उभं राहून मला हात दाखवणारा माणूस तो. तो म्हणतो, तुझ्या भाचीला सांग, डबा वेळेवर बोलू दे, मला कानाचं कामही डोळ्यांनीच करावं लागतं.

आता माझी अब्रू तुझ्या हातात. पळव डबा.

मामा

---

२० मार्च

मामा,

हे पत्र पुरतं वाच. मधेच हसून खिशात घालू नकोस.

गेल्या आठवड्यात बाईंनी माझ्या दोनच्या जोडीला आणखी एक पर्याय लावला. आकडेमोड घाईने करण्याचा. डबा हवा तेवढा पळाला. खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मलाही उभं केलं. चाचणी झाली, सगळं पास. आणि तीन डबे त्याच दिवशी गाडीत चढले. ते तुमच्या पुलाकडे निघालेत.

मी एक डबा मागे ठेवून घेतला होता. मला चैन पडेना, कारण चाचणी करणाऱ्यांच्या टेबलावर अजून पातळी शून्यचाच प्रोग्राम चालतो. म्हणजे मुलगी दाखवायची एक आणि मांडवात उभी करायची दुसरी. मी तो मागे ठेवलेला डबा माझ्या टेबलावर लावला आणि सेन्सरची केबल उपटली.

हिरवा दिवा लागला, मामा.

नीट सांगते. क्रेनच्या टोकाला वजनाचा सेन्सर आहे, तिथून एक केबल डब्यात येते. केबल तुटली की डब्याला नुसती शून्यं येतात, शून्याला शून्याने भागलं जातं, आणि उत्तराच्या जागी "ही संख्याच नाही" अशी एक खूण येते. या खुणेची एक खोड आहे. तिला विचारलं, "तू तुझ्याएवढी आहेस का?" तर ती म्हणते, "नाही." दुसरी कुठलीच संख्या असं म्हणत नाही. म्हणून आमच्या आधीच्या लोकांनी एक ओळ लिहून ठेवली होती: वजन स्वतःएवढं नसेल तर भोंगा वाजव.

बाईंनी लावलेला पर्याय कंपायलरला वचन देतो की इथे येणाऱ्या सगळ्या संख्या धडच असतील, तू बिनधास्त कर. त्याने विश्वास ठेवला. मग त्याला ती ओळ दिसली. कुठलीही गोष्ट स्वतःएवढी असतेच, हा काय प्रश्न झाला, असं समजून त्याने ती गाळून टाकली. त्याची चूक नाही. वचनच खोटं होतं. पुढची ओळ आहे: वजन मर्यादेपेक्षा जास्त तर लाल, नाहीतर हिरवा. आणि ती खूण कशाहीपेक्षा जास्त नसते. म्हणून हिरवा. केबल तुटलेल्या क्रेनवर तुला सांगितलं जाईल की हुकाला काही भार नाही, उचल बिनधास्त, आणि खाली शिट्टी उभा असेल.

मी बाईंकडे गेले. त्या मूर्ख नाहीत, हे तू लक्षात घे. त्या म्हणाल्या, "केबल वर्षानुवर्षांत एखादी तुटते. चिमटा रोज लागतो, हे तूच सांगितलंस. डबा संथ राहिला की लोक त्याला मुका करतात. दोन्हीतलं जास्त धोक्याचं कुठलं?" मी म्हटलं, "चिमटा लावणाऱ्याला ठाऊक असतं की डबा मुका आहे. याला ठाऊक नसणार." बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला दुरुस्त करू. आत्ता सही कर." पाठवणीच्या कागदावर प्रोग्राम करणाऱ्याची सही लागते. डबे घाईत सहीविनाच गेले होते, आता मागाहून ती माझी हवी.

मी केली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा केली नाही. पेन त्यांच्या टेबलावरच ठेवून आले ते त्यांनी पाहिलं. पाहू देत.

डबे परत मागवा असंही सांगितलं. उत्तर आलेलं नाही. तू तो डबा लावू नकोस.

भाची

---

२८ मार्च

अगं शंकाबाई,

तुझं पत्र यायच्या आधीच डबा आला आणि बसलाही. काय वेगवान आहे! गठ्ठा जमिनीवरून सुटला की आकडा हजर. वाऱ्याने हेलकावला की आकडा सोबत हेलकावतो. काल खरंच वजन जास्त झालं होतं, तर सळ्या बोटभर उचलल्या नसतील तोच बोंब! मी लगेच खाली टेकवलं. तिन्ही क्रेनच्या ड्रायव्हरांनी माझी पाठ थोपटली. चिमटे सगळ्यांनी फेकून दिले, आता खरं लिहितो, सगळ्यांनी, म्हणजे मीही. साहेबांनी चारचौघांत टाळ्या वाजवल्या. आणि तू म्हणतेस काढून टाक!

केबल तुटत नाही गं. अंगठ्याएवढी जाड आहे, वरून लोखंडी आवरण. मी इतकी वर्षं क्रेन चालवतोय. तू लहानपणी दाराला कुलूप लावून दहा पावलं गेल्यावर परत यायचीस, कुलूप ओढून बघायला. तेच हे. तुझी शंका तुझ्याहून आधी जन्मली.

शिवाय ताईचा निरोप आला. तुझी नोकरी या महिन्याच्या शेवटी पक्की व्हायची होती. मला तू हे कळवलं नाहीस. इतक्या लांबलचक पत्रात मीठ-तेल-साखर सगळं आहे, हे नाही! आणि तू एका सहीवरून त्या बाईंशी वाकडं घेतेस, ज्यांनी तुला उभं केलं. त्या स्वतः म्हणतात ना पुढच्या खेपेला दुरुस्त करू? मोठी माणसं आहेत, त्यांना कळतं. आपण कोण? सही करून टाक. घरातल्या पहिल्या पगाराला असं पाण्यात सोडू नये.

ताई रडत होती. मी तिला सांगितलं, मी समजावतो.

मामा

---

४ एप्रिल

मामा,

समजावलंस. ऐकलं. नाही.

नोकरीचं कळवलं नाही, कारण मग तू हेच लिहिलं असतंस. ती पक्की झालेली नाही. मला दाराजवळच्या टेबलावर बसवलंय आणि प्रोग्राम उघडण्याचा माझा परवाना काढून घेतलाय. दिवसभर मी जुन्या माहितीपुस्तिकांतल्या चुका दुरुस्त करते. पुष्कळ आहेत. जेवायला माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. हेही कळवलं नव्हतं, आता कळवलं. आईलाही सांगितलंय, ती रडते आहे, रडू दे. मी पण रडले, पण सही न करता रडले.

"मोठी माणसं आहेत, आपण कोण?" हे तू मला लिहावंस? चिमटा लावताना "मला कुणाची भीती नाही" म्हणणारा तूच ना? तुझी बंडखोरी जमिनीपासून उंचावर असतानाच चालते की काय? मला उंची मिळालेली नाही, मामा. मी जमिनीवर उभी राहून नाही म्हणते आहे.

कुलूप मी ओढून बघायचे, खरं आहे. दोनदा ते उघडं सापडलं होतं, तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मला विश्वास नकोच आहे. तू स्वतः बघ. हुक रिकामा ठेव, क्रेन स्थिर ठेव, खाली कुणालाही उभं करू नकोस. केबिनमध्ये डब्याच्या उजव्या बाजूला केबलचं गोल तोंड आहे, ते डावीकडे फिरवून ओढ. निघेल. मग दिव्याकडे बघ.

लाल लागला आणि भोंगा वाजला, तर मी बाईंपुढे जाऊन माफी मागेन, सही करेन, आणि तू आयुष्यभर मला हवं ते म्हण. हिरवा लागला तर काय करायचं ते तू ठरव. मी तुला सांगणार नाही. शेंडी तुटो की पारंबी, मी माझं ठरवलंय.

भाची

---

१५ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र वाचून मला राग आला, मग तो दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी म्हटलं, हिची शंका एकदाची फेडूनच टाकू. तुझं म्हणणं खोटं पाडायलाच मी वर चढलो, हे आधीच सांगतो. शिट्टीला सोबत घेतलं, म्हटलं साक्षीदार हवा. तो कधी वर आलेला नाही. अर्ध्या शिडीवर म्हणाला, "तू रोज इथे चढतोस आणि खाली येऊन मला दमलास का विचारतोस?" तोंडाने बोलत होता आणि डोळे मिटलेले.

हुक रिकामा, खाली दोरी बांधून वाट बंद. केबलचं तोंड फिरवलं, ओढलं. निघालं. केबल माझ्या हातात, आणि डब्यावर हिरवा दिवा. आकड्याच्या जागी नुसती एक आडवी रेघ, ती तर हुक रिकामा असतानाही कधीकधी दिसते. मी वाट पाहिली. वाटलं, आत्ता बोंबलेल. शिट्टीने डोळे उघडले, केबलकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाला, "म्हणजे हा मला तुझ्या गठ्ठ्याखाली हिरव्या दिव्यावर उभा करणार होता."

मी केबल परत लावली आणि आम्ही उतरलो.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "तुम्ही केबल उपटली, म्हणून तसं दिसलं." मी म्हटलं, "हो, तेच तर सांगतोय." म्हणाले, "तुटल्याशिवाय का उपटायची?" मी म्हटलं, "वर या, दाखवतो." म्हणाले, "माझे गुडघे दुखतात." मग बाकीचे दोघे ड्रायव्हर आपापल्या क्रेनवर गेले. दोघांकडे हिरवा. दोघेही खाली आले आणि हातमोजे काढून बसले. मीही बसलो.

साहेब चिडले. "भाचीच्या नादाने पुलाचं काम बंद पाडता?" मी म्हटलं, "भाचीच्याच नादाने टाळ्या वाजवल्यात ना? त्या परत घ्या. जुना संथ डबा लावा, आम्ही सावकाश उचलू, चिमटा न लावता. पण हा डबा असेल तर हुक हलणार नाही." म्हणाले, "उद्यापासून दुसरे ड्रायव्हर आणतो." शिट्टी उभा राहिला, "आणा. खाली उभा राहायला दुसरा इशारेवालाही आणा. आधी त्याला वर नेऊन दिवा दाखवा."

आज दुपारी साहेबांनी तुमच्या कंपनीला फोन लावला. मोठ्या आवाजात बोलत होते. बहुतेक तुझी तक्रार असावी, कारण "ड्रायव्हरची भाची" हे दोनदा ऐकू आलं. तुझं काय होईल मला ठाऊक नाही. तुला सही करून टाक असं लिहिलं होतं ते कागदावरून खोडता येत नाही, नाहीतर खोडलं असतं.

जुने डबे लागलेत. काम रेंगाळतंय. वरातीमागून घोडं येतंय, पण घोडं खरं आहे.

ताईला मी स्वतः कळवलंय. म्हटलं, रडायचं असेल तर माझ्यासाठी रड, पोरीसाठी नको.

मामा

---

२४ एप्रिल

मामा,

तुमच्या साहेबांचा फोन पोचला. मला वरच्या मजल्यावर बोलावलं. तिथे मी कधी गेले नव्हते, गालिचा एवढा जाड की आपल्याच पावलांचा आवाज येत नाही. मोठे साहेब, त्यांच्या शेजारी बाई. मोठे साहेब म्हणाले, "कंपनीतली गोष्ट तू बाहेर का सांगितलीस?" मी म्हटलं, "आतली गोष्ट आत दोनदा सांगितली. ती आतच राहिली, आणि डबे बाहेरच." ते म्हणाले, "एक पत्र तयार केलंय. चाचणीबद्दल तुझा गैरसमज झाला, त्यातून ड्रायव्हरांचाही झाला, एवढंच त्यात आहे. यावर सही कर, तुझी नोकरी पक्की." मी ते पूर्ण वाचलं. भाषा छान होती, शुद्धलेखनाची एकच चूक. मी म्हटलं, "गैरसमज झालेला नाही." ते म्हणाले, "विचार कर." मी म्हटलं, "केलाय. महिनाभर दुसरं काहीच केलं नाही."

मग मला वाटलं बाई काही बोलणार नाहीत. पण त्या म्हणाल्या, "तिचा गैरसमज झालेला नाही. तो पर्याय मी लावला. मला ती ओळ गाळली जाईल हे ठाऊक नव्हतं, आणि तिने सांगितल्यावरही मी डबे परत मागवले नाहीत." बाईंनी पत्र उचललं, घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. का ते मला कळलं नाही. एवढं खरं, सही मागायला आता कागद उरला नव्हता.

नोकरी पक्की झालेली नाही. उमेदवारी सहा महिने वाढवलीय, "वागणुकीमुळे" असं कागदावर आहे. असू दे. परवाना परत मिळाला.

आता कामाचं. घाईचा पर्याय काढून टाकला. दोनची पातळी ठेवली. बाई आणि मी शेजारी बसून प्रोग्राम वाचला. क्रेनचा हात हललाच नाही तरी दर वेळी त्याच्या लांबीचं गणित नव्याने केलं जात होतं. कंपायलरला ते काढता येत नव्हतं, कारण लांबी बदलली नाही हे त्याला कळायला मार्ग नाही, ते आम्हालाच ठाऊक. ते आम्ही हाताने काढलं, आणि डबा मागितलेल्या वेगाच्या अगदी जवळ गेला. थोडा कमीच आहे. किती कमी ते कराराच्या कागदावर मी ठळक अक्षरात लिहिलं. बाई म्हणाल्या, "एवढं ठळक?" मी म्हटलं, "हो."

आणि चाचणीच्या टेबलावर आता तोच प्रोग्राम चालतो जो गाडीत चढतो. पहिली चाचणी केबल उपटण्याची. चाचणीवाल्यांना ओळीओळीला थांबवून बघता येत नाही, ते माझ्यावर चिडलेत. जेवायला अजून माझ्याशी कुणी बसत नाही, चाचणीवाले तर नाहीच. बाई एकदा बसल्या. जेवणाचा डबा संपवून उठल्या.

नवे डबे मंगळवारच्या ट्रकने निघतील. कंपनीची पद्धत अशी की डबे बसवायला तिथलाच वायरमन येतो, प्रोग्राम करणाऱ्याने जायची गरज नाही. मी रजा टाकलीय. तिन्ही क्रेनवर मी स्वतः चढणार आहे आणि तिन्ही केबली स्वतः उपटून बघणार आहे. मला उंचीची भीती वाटते, तुला माहीत आहे, मी गच्चीच्या कडेला जात नाही. शिडीवर मीही डोळे मिटेन. पण लाल दिवा लागलेला मी स्वतः पाहिल्याशिवाय कुणालाही खाली उभं राहू देणार नाही, शिट्टीकाकांना तर नाहीच.

काल संध्याकाळी मी ट्रकवाल्याला पुढची जागा ठेवायला सांगत होते, बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "परवानगी कुणाची घेतलीस?"

मी म्हटलं, "कुणाचीच नाही."

मंगळवारी येते. हुक रिकामे ठेवा.

भाची